त्वचेसाठी पूरके आणि वनौषधी : निवड, मात्रा, धोके आणि ग्राहकाचे हक्क

त्वचा तजेलदार राहावी म्हणून पोटात घ्यायच्या गोळ्या, चूर्णे, काढे आणि पेये आज औषधाच्या दुकानात, किराणा दुकानात आणि मोबाइलवरही मिळतात. त्यामुळे कोलॅजन घ्यावे की मंजिष्ठा, बायोटिनने चेहरा उजळतो का, आयुर्वेदिक औषध निर्धोकच असते ना, असे प्रश्न वाचक वारंवार विचारतात. या गोंधळाचे मूळ बहुधा एकच असते. आधी उत्पादन ठरते आणि नेमकी तक्रार कोणती याचा विचार नंतर होतो, किंवा होतच नाही. पूरक म्हणजे रोजच्या आहारातून कमी पडणारा घटक वेगळा काढून, मोजक्या मात्रेत दिलेले उत्पादन. हा अर्थ ध्यानात घेतला तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात, कारण शरीरात त्या घटकाची उणीव असेल तरच पूरकाचा त्वचेवर खात्रीने उपयोग होतो आणि उणीव नसताना होणारा लाभ अल्प किंवा अनिश्चित असतो. वनौषधींना वेगळा निकष लागतो. त्या औषधे आहेत, म्हणून त्यांचा विचार निदान झालेल्या विकाराच्या संदर्भातच करावा लागतो.

आधी तक्रार निश्चित करावी

"त्वचा निस्तेज झाली आहे" या एका वाक्यामागे अनेक निरनिराळी कारणे असू शकतात. काहींवर पूरकाने गुण येतो, काहींवर मुळीच येत नाही. पुढील लक्षणे आरशासमोर उभे राहून आपली आपणच पाहता येतात.

- मानेची मागची बाजू व काखा काळवंडून जाड, मऊसर वळ्या पडणे. हा मळ नसतो. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी रक्तातील साखर तपासावी आणि वजनाकडे लक्ष द्यावे. कितीही घासले किंवा कोणतेही पूरक घेतले तरी हा काळेपणा जात नाही.
- बोटांच्या पेरांवर काळसरपणा, सोबत तोंड येणे किंवा हातापायांना मुंग्या. ही बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेची लक्षणे असू शकतात. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नसल्यामुळे शाकाहारी वाचकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. उणीव सिद्ध झाल्यास येथे पूरकाचा खरोखर उपयोग होतो.
- फिकटपणा, थकवा, केस गळणे. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासून घ्यावे.
- कोरडी, खरखरीत त्वचा, वाढते वजन, थंडी सहन न होणे. थायरॉइडची टीएसएच तपासणी करावी.
- गालांवर व कपाळावर तपकिरी डाग, म्हणजे वांग. ऊन, गर्भारपण आणि गर्भनिरोधक गोळ्या ही याची नेहमीची कारणे आहेत. उन्हापासून संरक्षण नसेल तर कोणत्याही गोळीने वांग हटत नाही. यासाठी सुचवले जाणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे औषध असून त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका संभवतो, म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.
- हनुवटीवर व जबड्याच्या कडेने मुरुमे, सोबत पाळी अनियमित. यामागे पीसीओएस, म्हणजे स्त्रियांमधील संप्रेरकांचा विकार, असण्याची शक्यता असते. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांनी मुरुमे वाढल्यास आपण घेत असलेली व्हे प्रोटीनची पावडर काही आठवडे बंद करून पाहावी.
- गोल, कडा उठलेले, खाजणारे चट्टे. हा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग असतो. स्टिरॉइड मिसळलेले मलम लावल्यास तो दबल्यासारखा वाटतो आणि मग अधिक पसरतो.

ज्या तपासण्या करायच्या त्या लक्षणांवरून ठरवाव्यात. ऐंशी-नव्वद चाचण्यांचे स्वस्त पॅकेज घेऊन मग अहवालातील प्रत्येक तांबड्या आकड्यामागे एकेक गोळी सुरू करण्याची रीत सध्या रूढ होत चालली आहे. तिचा त्वचेला लाभ होत नाही, खर्च मात्र होतो.

आहारातून काय साधते

उणिवेचा परिणाम त्वचेवर किती ठळकपणे उमटतो याचे दख्खनमधील उदाहरण म्हणजे पेलाग्रा. नायसिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या अभावी उघड्या अंगावर, विशेषतः गळ्याभोवती, उन्हाने भाजल्यासारखे काळे चट्टे उठणारा हा विकार आहे. ज्वारी हेच जवळजवळ एकमेव अन्न असलेल्या गरीब कुटुंबांतील या विकाराचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. भाकरीबरोबर डाळ, भाजी, शेंगदाणे, दूध असे पदार्थ असतील तर ज्वारीला भिण्याचे कारण नाही. मुद्दा आहारातील वैविध्याचा आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. १०० ग्रॅम पेरूतून साधारण २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळत असल्यामुळे अर्ध्या पेरूतच दिवसाची गरज भागते. याच प्रमाणानुसार प्रथिने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम लागतात. सकाळी पोहे-चहा, दुपारी पोळी-भाजी आणि रात्री वरण-भात एवढ्यावर ही मात्रा सहसा पुरी होत नाही. मोडाची उसळ, दही, अंडे किंवा मासे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असणे हा कोलॅजनच्या डब्यापेक्षा शहाणपणाचा खर्च आहे. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्ल मिळते. लोहाची उणीव असणाऱ्यांनी जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण त्याने लोहाचे शोषण घटते. ताटातील लिंबाने मात्र ते वाढते.

बाजारातील पोषणपूरके

*कोलॅजन.* त्वचेला घट्टपणा देणारे हे प्रथिन खाल्ल्यावर तसेच्या तसे त्वचेत जाऊन बसत नाही. पचनात त्याची अमिनो आम्ले आणि लहान तुकडे होतात, आणि शरीर ते आपल्या गरजेप्रमाणे कुठेही वापरते. काही चाचण्यांत, बहुधा रोज २.५ ते १० ग्रॅम या मात्रेने दोन-तीन महिन्यांत, त्वचेचा ओलावा व लवचीकता किंचित सुधारल्याचे दिसले आहे. तथापि २०२५ मध्ये २३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा ही सुधारणा मुख्यतः उत्पादक कंपन्यांच्या पैशावर झालेल्या चाचण्यांतच आढळली. कंपन्यांचा निधी नसलेल्या चाचण्यांत ती ठळकपणे दिसली नाही. शाकाहारी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोलॅजन गुरे, डुकरे किंवा मासे यांच्यापासून मिळते, वनस्पतींमध्ये ते तयारच होत नाही. म्हणून "वनस्पतिजन्य कोलॅजन" या नावाने जे विकले जाते त्यात कोलॅजन नसते, फार तर क जीवनसत्त्व आणि काही अर्क असतात. बहुतेक कॅप्सूलची कवचेही प्राणिजन्य जिलेटिनची असतात, तेव्हा वेष्टनावरील हिरवे किंवा तपकिरी चिन्ह पाहूनच खरेदी करावी.

*बायोटिन.* रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम असताना बाजारातील गोळ्यांत ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असते. खरी उणीव विरळा आढळते आणि उणीव नसताना त्वचा उजळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. याहून गंभीर बाब अशी की, रक्तातील जास्त बायोटिनमुळे प्रयोगशाळेतील काही चाचण्या चुकतात. थायरॉइडचा विकार नसताना तो असल्याचा अहवाल येऊ शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणारी ट्रोपोनिनची चाचणी प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी २०१७ मध्ये इशारा दिला होता. रक्ततपासणीच्या किमान दोन-तीन दिवस आधी अशी गोळी थांबवावी, आणि तातडीच्या प्रसंगी आपण ती घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

*ग्लुटाथायोन.* शरीर स्वतः तयार करते तो हा घटक गोरेपणासाठी विकला जातो. गोळ्यांचा परिणाम लहान चाचण्यांत अल्प आणि तात्पुरता दिसला आहे. सलाइनमधून किंवा शिरेतून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबाबत फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइडवरील परिणामांचा, तसेच अंगावरील त्वचा सोलवटून टाकणाऱ्या गंभीर प्रतिक्रियेचा इशारा दिलेला आहे. ब्युटी पार्लरमध्ये असे सलाइन लावून घेणे सर्वस्वी टाळावे.

*अ जीवनसत्त्व.* मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे औषध सुरू असेल तर अ जीवनसत्त्वाचे पूरक घेऊ नये, कारण दोन्ही एकाच गटातील असल्याने विषबाधेचा धोका वाढतो. गर्भारपणात तयार अ जीवनसत्त्व रोज ३,००० मायक्रोग्रॅमहून अधिक गेल्यास गर्भाला इजा होऊ शकते.

*ड जीवनसत्त्व आणि जस्त.* ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. अनेक घरांत मात्र ती वर्षानुवर्षे चालू राहते, आणि त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून मूतखड्यापर्यंत मजल जाऊ शकते. जस्ताचा मुरुमांवर काही उपयोग दिसला आहे, पण मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील तांबे घटते.

वनौषधी : नाव, भाग आणि अर्काची तीव्रता

आयुर्वेदात त्वचेचा वर्ण सुधारणाऱ्या द्रव्यांचा "वर्ण्य" असा स्वतंत्र गण चरकसंहितेत सांगितला असून त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा आणि सारिवा, म्हणजे उपळसरी, यांचा समावेश आहे. ही परंपरा दीर्घ आहे, मात्र तीत द्रव्याची योजना रुग्णाची प्रकृती, पचनशक्ती आणि ऋतू पाहून होते. जाहिरातीतील "रक्तशुद्धी" हा शब्द या विचारातून उचललेला असला तरी कोणत्या रुग्णासाठी, किती दिवस, हे त्यासोबत येत नाही. आधुनिक शरीरशास्त्राच्या दृष्टीने रक्तातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे चुकीच्या वनौषधीचा पहिला आघात बहुधा याच अवयवांवर होतो.

हळद. स्वयंपाकातील हळदीत कर्क्युमिन हा सक्रिय घटक साधारण ३ टक्के असतो आणि तो फारसा शोषला जात नाही. भाजी-आमटीतली हळद किंवा रात्रीचे हळद-दूध निर्धोक असण्याचे ते एक कारण आहे. कॅप्सूलमध्ये हाच घटक शेकडो मिलिग्रॅम असतो, आणि शोषण वाढावे म्हणून त्यात काळ्या मिरीतील पायपेरिन मिसळलेले असते. अशा तीव्र अर्कांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. "हळदच तर आहे" हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा अर्क टाळावा.

गुळवेल. करोनाकाळात घरोघरी काढे घेतले जात असताना मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमधील यकृतदाहाची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाल्याची शक्यता मांडली. वाद कसाही मिटो, यकृताचा विकार किंवा शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटणारे आजार असणाऱ्यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये. परसदारातील वेल ओळखीच्या जाणकाराने खात्री केल्याशिवाय वापरू नये.

बावची. कोडावर वापरल्या जाणाऱ्या या बियांत सोरालेन असते आणि ते त्वचेला उन्हाबाबत अतिसंवेदनशील बनवते. मात्रा किंवा उन्हाची वेळ चुकल्यास फोड येतात. यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. ही घरगुती प्रयोगाची वस्तू नव्हे.

ज्येष्ठमध. दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते रोजच्या चहात टाकण्याची सवय सोडावी.

कोरफडीचा रस. सालीलगतच्या पिवळ्या चिकात तीव्र रेचक द्रव्य असते. गर्भारपणात तो टाळावा. इतरांनीही घरी रस काढताना चीक निथळून, धुऊन केवळ आतला पारदर्शक गर घ्यावा.

तयार कल्प. त्वचाविकारांवर दुकानात सहज मिळणाऱ्या आरोग्यवर्धिनी वटीत शुद्ध केलेला पारा, गंधक आणि ताम्रभस्म ही द्रव्ये असतात. ती वैद्याच्या सल्ल्याने, ठरावीक काळापुरती घ्यायची असून शेजारणीला गुण आला म्हणून आपण आणायची नसते. खदिरारिष्ट किंवा सारिवाद्यासव यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून मद्यार्क तयार होतो. यकृताचे रुग्ण आणि मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. परदेशस्थ मराठी वाचकांसाठी एक नोंद : अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. प्रत्येक तुकडीचा जड धातूंचा चाचणी-अहवाल देणाऱ्या उत्पादकाकडूनच माल घ्यावा.

वेष्टन कसे वाचावे

एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांपैकी एक कायद्याने अन्न असतो आणि दुसरा औषध. दोघांचे नियम वेगळे, दोघांना करता येणारे दावेही वेगळे.

1. अन्न प्रकारातील पूरक. यावर एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक असतो. "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची सूचना आणि रोजची मात्रा ओलांडू नये हा इशारा त्यावर छापणे बंधनकारक आहे. अशा उत्पादनाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही.
2. आयुर्वेदिक औषध. राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याने दिलेला उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची नावे व प्रमाण आणि तुकडी क्रमांक पाहावा. विषारी गणल्या गेलेल्या द्रव्यांच्या यादीतील घटक असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा वेष्टनावर असावा लागतो.
3. दोन्ही नसलेले. परवाना क्रमांकच नसलेली पुडी, मग ती यात्रेतील असो, ओळखीच्या "वैद्यबुवां"ची असो वा समाजमाध्यमावरून मागवलेली, घेऊ नये.

गोरेपणाच्या दाव्याबाबत नियम स्पष्ट आहे. औषधी नियमांच्या अनुसूची "जे"मध्ये, म्हणजे औषधाने ज्यांवर इलाज असल्याचा दावा करू नये अशा बाबींच्या यादीत, त्वचेचा गोरेपणा समाविष्ट आहे. कोड बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे. असा दावा दिसला की उत्पादन ठेवून द्यावे. त्यातील घटक वाचत बसण्याची गरज उरत नाही.

सुरुवात, नोंद आणि थांबण्याची वेळ

गर्भवती व स्तनदा माता, बालके, यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण, तसेच मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याची औषधे घेणारे यांनी डॉक्टर किंवा नोंदणीकृत वैद्य यांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर चालू असलेल्या सर्व पूरकांची यादी भूलतज्ज्ञांना द्यावी. इतरांनी पुढील क्रम पाळावा.

- एका वेळी एकच उत्पादन सुरू करावे. तीन एकदम घेतल्यास गुण कोणाचा आणि पुरळ कोणामुळे हे कळत नाही.
- सुरुवातीला आणि नंतर दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, सौंदर्य-फिल्टर बंद करून छायाचित्र काढावे.
- त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे सात दिवसांत फरकाचे आश्वासन खोटे समजावे. १२ आठवड्यांत छायाचित्रांत फरक दिसला नाही तर उत्पादन बंद करावे.
- भूक मंदावणे, मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे होणे, अंगभर खाज, पायांवर सूज किंवा फेसाळ लघवी यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी थांबावे आणि डबा बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. मंजिष्ठेने लघवीला तांबूस छटा येऊ शकते, तरीही खात्री करून घ्यावी.

बिघडल्यास तक्रार कोठे

पावती, वेष्टन, उरलेला माल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि वैद्यकीय अहवाल जपून ठेवावेत. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करू शकतो. भेसळ, विनापरवाना विक्री किंवा फसव्या दाव्याची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑनलाइन खरेदीत संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी बंधनकारक केले आहे. तेवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर, आणि अखेरीस जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगाकडे शुल्क भरावे लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तक्रार मात्र तिचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल करावी लागते.